हद्दीबाहेर एक पानही नाही

माझ्या दोघा बाळांनो,

परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझं जंगल बंद झालं का?" तुमच्या काकाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. दोन माणसं शिडीवर चढून आमच्या संशोधन केंद्राचा बोर्ड उतरवतायत, आणि फोटोखाली काकाने रडका चेहरा टाकलाय. मोठीने तर शाळेत सांगूनही टाकलं म्हणे, की वर्षावनांच्या प्रकल्पात आता आजीचं केंद्र घालता येणार नाही, कारण ते गेलं. म्हणून आज लिहायला बसले. फोनवर मी एक वाक्य पुरं करेपर्यंत तुमचं चित्र अडकतं, मग तुमची आई म्हणते की नंतर बोलू. लिहिलेलं अडकत नाही.

मराठीत लिहितेय. मी शिकले इंग्रजीतून, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं तेही इंग्रजीतून, पण इंग्रजीत लिहायला घेतलं की माझ्या हातून अहवाल होतो. अहवाल मी जन्मभर लिहिले. ज्यांनी वाचायचे त्यांनी ते वाचले नाहीत. हे तुमचे बाबा वाचून दाखवतील, आणि त्यांनी मधलं काहीही गाळायचं नाही, हे त्यांनाही इथेच सांगून ठेवते.

तुम्हाला वाटतं, आजी राहते तिथे नुसत्या कंपन्या आहेत. खोटं नाही ते. मोशीतल्या आमच्या गॅलरीतून पूर्वी ज्वारी दिसायची, आता समोरच्यांची गॅलरी दिसते. चाकणच्या चौकात आमची जुनी गाडी अडकते तेव्हा पुढेमागे ट्रेलर असतात आणि ट्रेलरवर कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या. तुमचे आजोबा दर वेळी म्हणतात, "बघ, आपल्याला मागे टाकायला यांना चाकं फिरवावी पण लागत नाहीत." पण त्याच चौकातून पश्चिमेकडे वळलात, की शेडचे पत्रे हळूहळू विरळ होतात, मग भातखाचरं लागतात, मग डोंगर. आणि डोंगराच्या खांद्यावर, जिथे पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढग उतरून बसतात, तिथे एक देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान. भोवतालचं सगळं केव्हाच तुटलं, कोळशाला गेलं, इमारतींना गेलं. एवढं राहिलं.

पिसा, अंजनी, जांभूळ, पारजांभूळ अशी बारमाही हिरवी झाडं तिथे इतकी दाटीने वाढलीत, की उन्हाळ्यात भर दुपारी आत शिरलं तर मला खांद्यावर शाल लागते. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या शेंगा धाकट्याच्या उंचीच्या. वर शेकरूंची घरटी. आणि खाली पाला. मोठीने हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं पाल्यावरूनच झालं. वर्षानुवर्षांचा पाला, थरावर थर. वरचा कोरडा, खालचा ओला, त्याखालचा मातीच झालेला. पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. त्या पाल्यात नव्या झाडांचा जन्म होतो.

देव म्हणजे एक शेंदूर लावलेला दगड. त्याला देऊळ नाही, छप्पर नाही. त्याला छप्पर चालत नाही, असं गाव म्हणतं. आणि दुसरा नियम असा, की देवराईच्या हद्दीतून काहीही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पडलेलं फळ नाही, एक पानही नाही. झाड वाऱ्याने पडलं तर ते पडल्या जागी कुजतं.

मी तरुणपणी विद्यार्थी घेऊन तिथे जायला लागले, तेव्हा गावाने हद्दीच्या आत, कडेला असलेल्या दोन रिकाम्या खोल्या आम्हाला वापरायला दिल्या. आमच्या शिक्षणसंस्थेने लोखंडी खाटा दिल्या, सूक्ष्मदर्शक दिला, रोपवाटिकेला हिरवी जाळी दिली आणि बोर्ड लावला. असं आमचं केंद्र सुरू झालं. मला बिया हव्या होत्या. शहरात नेऊन, बाग करून, शेकडो रोपं वाढवायची असा माझा बेत. गाव म्हणालं, न्यायचं तर देवाला विचारा. तिथे कौल लावतात. दगडाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्यासाठी लावलेल्या कौलात डावी पडली. मला राग आला होता. पाण्याचा थेंब आणि पाकळीचं वजन, यापलीकडे त्यात काही नाही हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण खोल्या गावाच्या होत्या आणि मी शब्द दिला होता, की गावाचा नियम पाळेन. तो पाळला.

मग काम कसं केलं? रोपवाटिका हद्दीच्या आतच केली. बी तिथेच उचलायचं, तिथेच रुजवायचं, झाड पडून जिथे वर आभाळ दिसायला लागलंय तिथे लावायचं. पुढे आतल्या जागा भरल्या. रोपं उरली आणि बाहेर नेता येईनात. तेव्हा गावातल्या एकाने देवराईला लागून असलेलं आपलं उघडं माळरान देवाला देऊन टाकलं. सगळ्यांनी मिळून हद्दीचे दगड उचलले आणि माळाच्या पलीकडे नेऊन रोवले. आता माळ देवाचा, म्हणून रोपं तिथे चालतील. त्यानंतर आमची हीच रीत झाली. झाड हद्दीबाहेर जात नाही, हद्दच झाडापुढे सरकते. जगात पुष्कळ केंद्रं आहेत, त्यांच्याकडे मोठमोठी यंत्रं आहेत, पण अशी रीत मी दुसरीकडे ऐकली नाही. मोठीने हे प्रकल्पात लिहावं.

आता गेल्या उन्हाळ्याकडे येते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोशीच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फारसं चांगलं बोलणार नाही. देवराईतला देव त्यांच्याही घरचा देव. त्यांच्या मनात आलं, की देवाची जागा स्वच्छ करावी, फरशी घालावी, वर छप्पर घालावं आणि आमच्या केंद्राच्या खोल्या पाडून तिथे भक्तांसाठी हॉल बांधावा. केंद्र मोशीला न्यायचं. मला यातलं काहीच कळवलं नव्हतं. चाकणच्या कंपन्यांतून माणसं जमवून त्यांनी कामाला सुरुवातही करून टाकली.

फळं गळायचे दिवस होते. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे तिथे पोचलो, तर दोन बस उभ्या. सारखे टी-शर्ट घातलेली तरुण मुलंमुली हातात खराटे घेऊन निघायच्या तयारीत होती. आत गेले आणि मला देवराईतली माती दिसली. एवढ्या वर्षांत तिचा रंग मी पाहिला नव्हता. खराट्याच्या रेघा अंगणात दिसाव्यात तशा झाडांच्या मुळांपर्यंत गेल्या होत्या. पडलेले ओंडके कापून एका आकारात रचून ठेवलेले. दगडांना पिवळा पट्टा. पाल्याबरोबर आम्ही त्याआधीच्या काही पावसाळ्यांत लावलेली रोपंही उपटली होती, कारण ती त्यांना तण वाटली. एका झाडावर पाटी, 'बसण्याची जागा'.

त्यांचा पुढारी मराठवाड्याकडचा, कामसू पोरगा. घामाने निथळत होता. मला म्हणाला, "लई घाण होती बघा मॅडम. समदं काढलं. एकदम फाइव्ह एस करून टाकलं."

हे फाइव्ह एस काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीत ते शिकवतात. नको ते काढा, हवं ते जागच्या जागी लावा, झाडून घ्या, पिवळ्या रेघा आखा, शिस्त ठेवा. तुमच्या आजोबांनी पिंपरीच्या कंपनीत जन्मभर तेच केलं, आणि निवृत्त झाल्यावर माझ्या स्वयंपाकघरात केलं. आमच्याकडे हळदीच्या डब्यावर हळद असं लिहिलेलं आहे. मीही टापटिपीची बाई, मला ते आवडतंही. म्हणून त्या मुलांवर मी ओरडू शकले नाही. जे चांगलं म्हणून ती शिकली होती तेच त्यांनी जंगलाला केलं होतं.

मी एवढंच विचारलं, की पाला कुठे आहे. गोण्या भरून टेम्पोने गेला होता, मोशीला, अध्यक्षांच्या शेतघरावर, खतासाठी.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही शाळेत घेवड्याचं बी रुजवता. ते सुकवून बरणीत ठेवलं तर पुढच्या वर्षीही रुजतं. पिसाचं तसं नाही. त्याचं फळ मऊ, बी ओलं. झाडावरून पडलं की त्याला लगेच ओली माती लागते. सुकलं की मेलं. वर्षावनातल्या कितीतरी झाडांचं असंच असतं. त्यांना बरणीत साठवता येत नाही, कपाटात जपता येत नाही. ती जपायची तर आईचं झाड आणि त्याखालचा पाला, दोन्ही जागेवर ठेवावे लागतात. आमचं केंद्र मोशीत न राहता तिथे डोंगरात का आहे, याचं एवढंच उत्तर आहे. त्या गोण्यांत त्या सालच्या सगळ्या बिया होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. ते उठून उभे राहिले, चहा मागवला. टेबलावर काचेखाली एका इमारतीचं मॉडेल होतं. मोशीतलं नवं वर्षावन केंद्र. सगळीकडे एसी, मधोमध कृत्रिम धबधबा, भिंतीभर बियांच्या बरण्या. ते मला म्हणाले, की मी आता या वयात डोंगर का चढावा, इथे लिफ्ट असेल, आणि इमारतीवर नाव माझं असेल. मी पर्समधून पिसाची एक बी काढून काचेवर ठेवली. म्हणजे, बी हद्दीबाहेर आली होती, पण ती त्यांच्याच बसच्या पायरीवर पडलेली सापडली होती. म्हटलं, ही तुमच्या बरणीत ठेवा आणि महिन्याने मला दाखवा.

त्यांनी ती बी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "बाई, देव भिजतो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"माझी आई न्यायची मला तिकडं. पावसात ती स्वतःच्या डोईवरचं इरलं काढून देवावर धरायची. तवापासनं मनात हाय माझ्या, ऐपत आली की छप्पर घालीन."

खोटं बोलत नव्हते ते. मला एक क्षण वाईट वाटलं. तरी मी म्हणाले, "भिजू द्या त्याला. तो भिजतो म्हणून ते जंगल आहे. छप्पर आलं की फरशी येईल, फरशीमागून गाड्या येतील, आणि मग झाडं वाटेत येतात म्हणून तुम्हीच मला सांगायला याल. खोल्या मी सोडणार नाही. पाडायच्या असतील तर मी आत बसलेली असताना पाडा."

त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, गावाचं तुम्ही मानता ना, मग देवालाच विचारू. कौल लावू. त्याने हो म्हटलं तर छप्पर होणार आणि तुम्ही खोल्या रिकाम्या करायच्या.

अडकले मी. ज्यावर माझा काडीचा विश्वास नाही त्यावर माझं सगळं काम लागणार होतं. नाही म्हणावं तर गावाचा नियम मोडला, आणि नियम मोडणारी बाई त्या खोल्यांत कुठल्या तोंडाने राहणार? घरी येताना तुमचे आजोबा म्हणाले, निम्मी शक्यता आहे, तशी काही वाईट नाही. मी त्यांच्याशी मोशीच्या पुलापर्यंत बोलले नाही.

आता आक्का. देवाची पूजा एका घराकडे आहे आणि त्या घरात आज आक्का ती करतात. माझ्याहून थोड्या मोठ्या, सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. मला वाटलं होतं, त्या छपराच्या विरुद्ध असतील. तसं काही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "छपराचं देवाला ठाव. मला फरशी झाली तर बरीच की. गुडघं गेलं माजं." अध्यक्षांनी त्यांच्या मुलाला संस्थेत नोकरी देतो म्हटलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. पण पाला गोण्या भरून मोशीला गेला, हे मी सांगितलं तेव्हा त्या ताठ बसल्या. त्यांना वाटलं होतं, कडेला ढीग घातला असेल. हद्दीबाहेर?

लगेच मुलाकडून फोन लावून घेतला. मी समोरच होते.

"दादा, तुमी देवाच्या घरात चोरी केली."

पलीकडून अध्यक्ष काहीतरी समजावत होते. पालापाचोळाच तो, वगैरे.

"व्हय, पालाच. पर कुनाचा? आदी न्हेलेलं आना, जितनं उचललं तितं ठिवा, मंग कौल. तवर देव बोलायचा न्हाई आन् मी पाकळी लावायची न्हाई."

बाळांनो, मी सांगून ते गोण्या परत आणणार नव्हते. माझ्या बियांची त्यांना पर्वा नव्हती. पण देवाची चोरी आपल्या माथी नको, एवढं ते मनापासून मानणारे होते. पुढच्या रविवारी टेम्पो आला, मागे त्याच दोन बस, तीच मुलं. काही गोण्या आधीच खताच्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या होत्या, तेवढं गेलंच. बाकीच्या तशाच बांधलेल्या होत्या, वरून सुकलेल्या, आतून अजून गरम आणि ओल्या. मी एका गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि बिया लागल्या. टणक. जिवंत.

मुलं कुरकुरत होती. आधी काढायचं, मग परत टाकायचं, काय ते एकदा ठरवा, मॅडम. तेव्हा तुमचे आजोबा पुढे झाले. त्या मराठवाड्याच्या मुलाला म्हणाले, "भाऊ, फाइव्ह एसमधला दुसरा एस काय?"

"प्रत्येक वस्तू जागच्या जागी, सर."

"मग पानाची जागा कुठली?"

त्याने वर झाडाकडे पाहिलं, मग पायाखालच्या उघड्या मातीकडे. "खाली," म्हणाला, आणि हसायला लागला. "म्हंजी आमी मागच्या रविवारी समदी लाइनच उलटी चालवली की राव."

नंतर त्यांनी काम केलं ते मात्र कंपनीच्या शिस्तीत. ओळ करून, गोण्या हातोहात देत, ओला पाला खाली आणि सुका वर. पिवळे पट्टे खरवडले. 'बसण्याची जागा' ही पाटी मी मागून घेतली, ती आमच्या दिवाणखान्यात तुमच्या आजोबांच्या खुर्चीमागे आहे. मात्र उपटलेली रोपं परत लावता आली नाहीत. ती सुकून गेली होती. त्यांत माझी काही वर्षं गेली, ती कुणी परत आणली नाहीत.

दुपार व्हायच्या आत कौल लावायला घेतला. देवाचा माल देवाला मिळाला होता, आता आक्कांना नाही म्हणता येत नव्हतं. अख्खं गाव, मुलं, अध्यक्ष, सगळे गोल करून उभे. अध्यक्षांनी मोठ्याने प्रश्न विचारला, की देवा, तुला छप्पर घालू का. आक्कांनी दोन्ही पाकळ्या ओल्या केल्या, दगडाला लावल्या आणि उठताना दगडावर दोन्ही हात टेकले.

मी उजव्या पाकळीकडे बघत होते. इतकी वर्षं शास्त्र शिकवलेली बाई आणि एका पाकळीला मनातल्या मनात म्हणत होते, पडू नकोस.

ती पडली नाही. डावीही पडली नाही. सगळे थांबले. ऊन पानांतून सरकत दगडावर आलं, दगडावरून पुढे गेलं. अध्यक्षांचा फोन वाजला, दिघीला कुणाचं तरी लग्न होतं, त्यांनी तो बंद केला. तो पुन्हा वाजला. शेवटी ते म्हणाले, "आक्का, त्यानं नाही तर म्हटलेलं नाही."

"व्हय बी म्हनला न्हाई," आक्का म्हणाल्या. "न्हाई बोलला तर हाय तसं ऱ्हातंय. पुढल्या साली इचारा."

अध्यक्ष देवाला नमस्कार करून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बस गेल्यावर मी आक्कांना विचारलं, की पाकळ्या जरा जास्त दाबल्या का.

"दाबीन कशाला? गुडघं दुखत्यात, तोल गेला," त्या म्हणाल्या. त्यापुढे मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. मुलाची नोकरी गेली, हे त्यांना त्याच दिवशी माहीत असणार.

पावसाळ्याच्या तोंडावर संस्थेचं पत्र आलं, की केंद्र मोशीला हलवण्यात आलं आहे. मग शिडी घेऊन माणसं आली. तुम्ही पाहिलेला फोटो त्या दिवशीचा, काकाच्या हाती तो आत्ता लागला. बोर्ड नेला, खाटा नेल्या, सूक्ष्मदर्शक नेला, रोपवाटिकेवरची हिरवी जाळीसुद्धा सोडून नेली. अध्यक्षांनी निरोप पाठवला, की मोशीच्या इमारतीला अजूनही माझं नाव देण्याची तयारी आहे. मी उलटा निरोप दिला, की माझं नाव मेलेल्या बियांच्या बरण्यांवर लावू नका.

खोल्या ते नेऊ शकले नाहीत. खोल्या संस्थेच्या कधीच नव्हत्या, गावाच्या होत्या, आणि गावाने किल्ली आक्कांकडे दिली. मी घरून घडीचं टेबल नेलं, आजोबांनी त्यांची ऑफिसातली खुर्ची नेली. माझे जुने विद्यार्थी आता निरनिराळ्या कॉलेजांत शिकवतात, ते आपापल्या मुलांना घेऊन येतात आणि सूक्ष्मदर्शक बरोबर आणतात. जाळी गेली म्हणून रोपांवर सावली राहिली नव्हती. गावातल्या बायकांनी जुनी लुगडी आणून बांबूंना ताणून बांधली. त्या झिरझिरीत कापडाखाली, परत आणलेल्या पाल्यातल्या बिया रुजल्या. आक्का बघायला आल्या आणि म्हणाल्या, "देवाला छप्पर न्हाई आन् तुमच्या रोपांना लुगडं."

पाऊस ओसरल्यावर त्यांनी देवराईखालचा आपला वरईचा पट्टा देवाला दिला. मी म्हटलं, आक्का, विचार करा, शेतघरासाठी जमीन शोधत शहरातली माणसं इथवर येतात. त्या म्हणाल्या, तिथं तसंबी डुकरंच खात्यात. आम्ही सगळ्यांनी मिळून हद्दीचे दगड खाली सरकवले. तुमच्या आजोबांनी दोरी लावून ते सरळ रेषेत आहेत ना ते पाहिलं, आणि पिवळा रंग लावू का म्हणाले. मी नाही म्हटलं.

पुढच्या वर्षी अध्यक्ष पुन्हा विचारतील. विचारू देत. मी असेन, आणि मी नसले तर आणखी कुणी खोलीत बसलेलं असेल.

तेव्हा मोठीने मॅडमना सांगावं, की आजीचं केंद्र प्रकल्पात घालायचं आहे. बोर्ड नाही एवढं खरं. दोन खोल्या आहेत आणि किल्ली आक्कांकडे आहे. देव अजून उघड्यावर आहे. लुगड्यांखाली पिसाची रोपं जिवंत आहेत, झाडांखाली पाला आहे, आणि हद्दीचे दगड पूर्वीपेक्षा उताराला खाली आहेत.